मनोरीच्या निःक्षारीकरण (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या) प्रकल्पातून सोडलेल्या खारट पाण्याने मासळी मरेल का?

पोहणारा मासा सहसा मरत नाही, तो बाजूला होतो. मार बसतो तो तळाशी राहणाऱ्यांना: तिसऱ्या, खुबे, चिखलातले किडे, तळाला चिकटलेली अंडी.

हिशेब करून बघा. मुंबई महापालिकेच्या आराखड्यात पहिला टप्पा रोज २० कोटी लिटरचा आहे. आरओमध्ये, म्हणजे मेंब्रेनच्या बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळताना, समुद्राच्या पाण्यातलं साधारण ४० टक्केच गोडं होतं. म्हणजे ५० कोटी लिटर उपसायचं आणि ३० कोटी परत सोडायचं. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार घेऊन आत गेलेलं पाणी ५८ ग्रॅम घेऊन बाहेर पडतं. घनमीटरमागे ते सतरा-अठरा किलोंनी जड असतं, त्यामुळे नुसतं सोडून दिलं तर तळावरून उताराकडे सरपटत जातं आणि खळग्यात साचतं. वरचं पाणी त्यात मिसळत नाही, खालचा ऑक्सिजन चिखलातले जिवाणू संपवतात. होडीतून बादलीने काढलेल्या नमुन्यात यातलं काहीच सापडणार नाही.

म्हणून सगळी भिस्त डिफ्यूझरवर. पाइपाच्या टोकाला ओळीने नोझल, साधारण ६० अंश वर रोखलेले. धार जोरात वर उसळते आणि खाली पडेपर्यंत मिसळते. पर्थजवळच्या क्विनाना प्रकल्पाला (२००६) असे ४० नोझल आहेत. कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की १०० मीटरच्या पुढे क्षारता नैसर्गिकपेक्षा हजारी २ भागांहून (लिटरमागे साधारण २ ग्रॅमहून) जास्त वाढू नये. तो इथे लावला, तर सोडलेल्या प्रत्येक लिटरमध्ये जवळपास ११ लिटर समुद्राचं पाणी मिसळायला हवं. उधाणाला हे सोपं जातं. खरी कसोटी भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा), भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्यात. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातलं गणित त्याच वेळेचं आहे का, हे आधी विचारा. शिवाय नोझलवर कालवं चढतात, गाळ बसतो. पाणबुडे उतरवून तपासणी किती महिन्यांनी होणार, हेही.

रसायनांचं थोडक्यात. शेवाळ-शिंपले वाढू नयेत म्हणून क्लोरीन टाकतात आणि मेंब्रेनआधी सोडियम बायसल्फाइटने त्या क्लोरीनचा असर मारतात. बायसल्फाइट जास्त पडलं की तेच पाण्यातला ऑक्सिजन खातं. पाइपाच्या तोंडाशी पाणी तांबूस दिसलं तर फिल्टर धुतलेला फेरिक क्लोराइडचा गाळ समुद्रात जात असण्याची शक्यता मोठी. तो वेगळा निवळून जमिनीवरच काढायला हवा.

उपशाकडे मात्र फार कमी लोक बघतात आणि मला तो सोडलेल्या खारट पाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. जाळीपाशी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आत ठेवला तर मासा सुटतो. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं सुटत नाहीत, ती आत जाऊन मरतात. ती वाचवायची तर पाणी वाळूखालून ओढावं लागतं किंवा उपशाची जागा पैदाशीच्या पट्ट्यापासून लांब ठेवावी लागते.

प्रकल्प सुरू होण्याआधी किमान पूर्ण वर्षभर, तळापासून अर्धा मीटरवर क्षारता आणि ऑक्सिजन मोजून ठेवायला लावा. पावसाळ्यात खाडीच्या पाण्यामुळे क्षारता आपोआपच उतरते. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना करायची कशाशी?