आधी चुलवाण बघ, मग मसुदा

कोल्हापूर

बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुऱ्हाळांच्या धुरासंबंधी नियम करायचा विचार आहे आणि त्याच्या परिणामांच्या विश्लेषणाचा आराखडा तुझ्याकडे दिलाय, हे ऐकून फार बरं वाटलं. माझ्या नोकरीत ही तपासणी बहुधा मसुदा टाइप झाल्यावर, सहीच्या आदल्या आठवड्यात व्हायची. निर्णय आधी, कारणं मागाहून. तुला आधी विचारलंय, या वेळेचं सोनं कर.

पहिल्यांदा प्रश्न एका वाक्यात लिही आणि त्यात उपाय शिरू देऊ नकोस. ‘गुऱ्हाळांना उंच धुराडं नाही’ हा प्रश्न नव्हे. ‘हंगामात शेजारच्या वस्तीला आणि चुलवाणापुढे (रस उकळायच्या भट्टीपुढे) बसणाऱ्याला धूर बाधतो’ हा प्रश्न. असं मांडलंस की वाटा दिसू लागतात: धुराडं, चुलवाणाची सुधारित बांधणी, रस काढलेल्या उसाची चिपाडं नीट वाळवून जाळणं, दुसरं जळण बंद करणं, नव्या गुऱ्हाळाला वस्तीपासून अंतर, बांधणीला अनुदान. आणि काहीच न करणं, हीसुद्धा एक वाट.

या शेवटच्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ घालव. लोक ती एका ओळीत उरकतात. आपल्याकडची गुऱ्हाळं नियमाशिवायही कमी होत चाललीत. ऊस कारखान्याला जातो, मजूर मिळत नाहीत. मग पाच वर्षांनी धूर कमी दिसला, तर तो नियमामुळे की गुऱ्हाळं बंद पडल्यामुळे? आणि बंद पडल्याचं खापर नियमावर फोडायचं का? नियम नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज आजच कागदावर आला पाहिजे. तुलना त्याच्याशी करायची, आजच्या परिस्थितीशी नाही.

मिळेल तो आकडा गोळा करत सुटू नकोस. हा आकडा वेगळा निघाला तर निर्णय बदलेल का, एवढं विचार. बदलणार नसेल तर त्याच्यामागे महिना घालवायचा नाही.

एका कार्यालयात असताना आम्ही छोट्या धंद्यांसाठी परवाना आणला होता. खर्चाच्या रकान्यात फक्त फी धरली, तीही किरकोळ. एका दुपारी खिडकीपुढे एक बाई भेटल्या, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. चौथा हेलपाटा होता त्यांचा. दर वेळी दिवसाचा धंदा बुडालेला, वर एसटीचं भाडं. फीपेक्षा हेलपाटे महाग पडले होते आणि आमच्या तक्त्यात हेलपाट्यांना रकानाच नव्हता. अजून लाज वाटते मला त्याची. हे मोजायची साधी रीत नेदरलँड्समध्ये रूढ झाली: एका खेपेला लागणारा वेळ, त्या वेळेची किंमत, वर्षातल्या खेपा आणि माणसं, यांचा गुणाकार. तू तो रकाना पहिल्या दिवसापासून ठेव.

खर्च कुणाच्या खिशातून आणि फायदा कुणाच्या पदरात, हे मात्र एकत्र बेरजेत बुडवू नकोस. धुराडं मोठ्या गुऱ्हाळाला आणि हंगामात मोजकी आदणं, म्हणजे रस उकळून गुळाचे मोजकेच घाणे, काढणाऱ्याला जवळपास सारख्याच किमतीला पडेल.

केंद्र सरकारच्या 2014 च्या कायदेपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायला सांगितलंय. सोबत त्याची गरज, आर्थिक भार आणि लोकांच्या उपजीविकेवर होणारा अंदाजे परिणामही. ते केंद्राच्या खात्यांसाठी आहे, पण तू तेवढं माप धर. फक्त हे 30 दिवस ऐन हंगामात नकोत. तेव्हा गुऱ्हाळवाला रात्रंदिवस रस उकळायच्या काहिलीपुढे असतो, हरकत लिहायला त्याला सवड कुठली? पाहणी हंगामात, सल्लामसलत हंगाम उतरल्यावर. मसुदा सोप्या मराठीत असू दे. आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांचं म्हणणं आलं म्हणजे गुळव्याचं, गूळ शिजवणाऱ्या कारागिराचं, आलं असं समजू नकोस.

त्या गुळव्याजवळ जाऊन उभं राहा. उकळत्या रसातलं थोडं तो गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. जाळ कमीजास्त झाला की गुळाचा रंग बिघडतो, रंग बिघडला की सौद्यात दर पडतो. चुलवाणाची बांधणी बदलणारा नियम थेट त्या बोटांतल्या गोळीपर्यंत पोचतो. हे जाणणारा माणूस लेखी हरकत पाठवत नाही, म्हणून आपणच त्याच्याकडे जायचं.

तपासायला माणसं किती आणि नियमाचा फेरविचार कधी, हे दोन्ही मसुद्यातच येऊ दे.

आराखड्याचं पहिलं पान झालं की पाठव, कच्चं असलं तरी चालेल. दिवाळी झाल्यावर एक दिवस मोकळा ठेव. करवीर तालुक्यात ओळखीचं गुऱ्हाळ आहे. पहाटेच निघू, पहिलं आदण उतरायच्या आत पोचलं पाहिजे.

तुझे,
काका