दिवसभर अभ्यास करूनही सराव परीक्षेत गुण वाढत नाहीत, उमेद कशी टिकवू?

तुम्ही लिहिलंय की प्रवेश परीक्षा जवळ आली आहे, खेळ बंद, मित्र बंद, झोपही कमी केली आणि तरी गुण जागचे हलत नाहीत, त्यामुळे आता पुस्तक उघडावंसंच वाटत नाही.

अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझं ठाम मत आहे की आधी उमेद आणि मग अभ्यास, असा क्रम नसतो. काल न येणारं आज आलं, हे स्वतःला दिसलं की उद्या बसावंसं वाटतं. तुम्ही कष्ट भरपूर करताय, पण त्यातून काय आलं हे तुम्हाला दिसतच नाहीये.

बहुतेक वेळा याचं कारण अभ्यासाच्या पद्धतीत असतं. धडा तिसऱ्यांदा वाचला की ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला येतंय असा भास होतो. परीक्षेत मात्र आठवावं लागतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून धडा झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा. सुरुवातीला कागद रिकामा राहील, त्रास होईल. दोन-तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा लिहून बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

सराव परीक्षेचंही तसंच. बहुतेक मुलं गुण बघतात, हिरमुसतात आणि पेपर बाजूला टाकतात. माझ्या मते पेपर सोडवायला जितका वेळ लागला, तितकाच तो तपासायला द्यावा. प्रत्येक चुकीपुढे लिहा: मुळात कळलंच नव्हतं, कळलं होतं पण आठवलं नाही, की येत असून घाईत चुकलं? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीला वाटायचं की आपलं प्रकाशशास्त्र कच्चं आहे, म्हणून ती सगळं प्रकरण पुन्हा वाचायला निघाली होती. पेपर उलगडून बसलो तर लेन्सचं सूत्र तिला नीट येत होतं, फक्त अंतरांची धन-ऋण चिन्हं दर वेळी चुकत होती. दोन संध्याकाळी आकृत्या काढून तेवढंच पक्कं केलं, तिचा चेहराच बदलला.

आता झोप. ती आधी पूर्ववत करा, यात तडजोड नको. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करत असतो. १३ ते १८ या वयासाठी झोपतज्ज्ञ ८ ते १० तास सांगतात. रात्री थांबायची एक वेळ ठरवा आणि तेव्हा खरंच थांबा. वेळ ठरलेली असली की आराम करताना अपराधी वाटणं बरंच कमी होतं. रोज थोडं चालणं किंवा खेळणं ठेवा, मित्रांनाही भेटा. फक्त ‘तुझं किती झालं?’ एवढंच विचारणाऱ्यांपासून परीक्षेपर्यंत जरा लांब राहा.

पेपरच्या आधी छातीत धडधडत असेल तर दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून बघा. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या अभ्यासात खूप ताण घेणाऱ्या मुलांना याचा फायदा झालेला दिसला.

पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. अशा वेळी वेळापत्रक बदलून काही होत नाही.