बादलच्या पायाला विश्रांती, नाकाला काम

प्रश्न: आमचा बादल दोन वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा. रोज पहाटे रंकाळ्याच्या कडेनं धावायची सवय. तीन आठवड्यांपूर्वी दुचाकीच्या धडकेत मागच्या उजव्या पायाची नळी मोडली, प्लेट घातली. टाके निघालेत, पण डॉक्टर म्हणतात अजून पाच आठवडे पळणं नाही, उडी नाही. तो तर पाय टेकून चालायला लागलाय. दिवसभर रडतो, खाटेचा पाय कुरतडतो. सासूबाई म्हणतात, "मुक्या जिवाला कशाला कोंडतीस, सोड की जरा." मलाही बघवत नाही. मी त्याचे हाल करतेय का?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर: ताई, हाल नाही, तुम्ही त्याचा पाय वाचवताय. आत्ता ज्या टप्प्यावर तुम्ही आहात, तोच सगळ्यात फसवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेदना ओसरते आणि कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. पण मोडलेल्या जागी तेव्हा नुसता मऊ सांधा धरलेला असतो. सगळा भार प्लेट आणि स्क्रू पेलत असतात. एका उडीनं स्क्रू हलू शकतो, प्लेट वाकू शकते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, कारण हाडाला आधीच भोकं पडलेली असतात. मोठ्या कुत्र्याचं हाड सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तो चालतो म्हणून नव्हे, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतील तेव्हाच सोडायचं.

मात्र सासूबाईंचंही खरं आहे. नुसतं कोंडलेलं कुत्रं पिसाटतं. पळणाऱ्या जातीच्या कुत्र्याची ताकद कुठंतरी खर्ची पडायलाच हवी. पाय बंद आहेत, मग नाक, जीभ आणि डोकं कामाला लावायचं.

आधी जागा. उभा राहता येईल, वळता येईल, पसरून झोपता येईल, पण धाव घेता येणार नाही एवढीच ठेवा. साधारण चार बाय पाच फुटांचा कोपरा प्लायवूडच्या फळीनं अडवला तरी चालतो, मात्र फळी तो ओलांडणार नाही एवढी उंच हवी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की सगळं मुसळ केरात, म्हणून खाली न सरकणारी रबरी चटई आणि वर जाड वाकळ. कारवानीच्या अंगावर चरबी नसते, पातळ अंथरुणावर कोपरांना घट्टे पडतात, जखमाही होतात. हे कुत्रं नजरेनं शिकार धरणारं. खिडकीतून मांजर दिसलं की झेपावणारच. खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवा; निम्मं रडणं तिथंच थांबेल.

आता खाणं. पळणं बंद आहे, तेव्हा रोजच्या खाण्यातलं पाव भाग कमी करा, नाहीतर वाढलेलं वजन त्याच पायावर येईल. उरलेलं सगळं ताटलीत ओतू नका. तिसरा हिस्सा ताटलीत, बाकीचं खेळातून.

पहिला खेळ तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. अप्पेपात्राच्या खळग्यांत कोरड्या खाद्याचे दाणे टाका, काही खळग्यांवर टेनिसचे चेंडू ठेवा. बादल आडवा पडलेला असतानाच पात्र त्याच्या तोंडापुढे सरकवा. मागचा पाय जखमी आहे, पुढचे पंजे मोकळे आहेत, त्यामुळे चेंडू ढकलायला त्याला उठावं लागत नाही. पात्र सरकत असेल तर खाली ओलं फडकं घाला, आणि खेळ संपला की चेंडू लगेच उचला. दुसरा खेळ टॉवेलचा: वीस-पंचवीस दाणे पसरून गुंडाळी करा, त्याला ती नाकानं उलगडू द्या. कापड गिळायला लागला तर हा खेळ बंद.

चाटण्यानं कुत्रं शांत होतं. पोकळ रबरी खेळण्यात दोन चमचे दही, भिजवलेलं खाद्य आणि ज्वारीच्या भाकरीचे चार तुकडे दाबून भरा. पहिले दोन दिवस तसंच द्या, मग फ्रीजरमध्ये चार तास गोठवून. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठलेलं दिलं तर तो कंटाळून टाकून देईल.

वेळ फार महत्त्वाची. खेळ तो रडायला लागल्यावर दिलात, तर रडलं की खाऊ मिळतो हेच तो शिकेल. पहाटे आणि संध्याकाळी, त्याच्या धावण्याच्या वेळेआधी दहा मिनिटं द्या. दिवसात पाच-सहा वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं पुरे. मधून दोन मिनिटांची शिकवणी घ्या: तळहाताला नाक लावणं, हातावर हनुवटी टेकून थांबणं. बस-ऊठ शिकवू नका, त्यानं पाय दुमडतो. ओढाओढी, चेंडूफेक, लेझरचा ठिपका अजिबात नको.

शी-शूला नेताना पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढं टॉवेलची झोळी धरा, फक्त आधारापुरती. बादल नर आहे, तेव्हा शूच्या जागेवर दाब नको. दोरी चार फुटांची आणि छातीचा पट्टा. कारवानीचं डोकं निमुळतं, साध्या गळपट्ट्यातून ते सहज निसटतं. पाच मिनिटं, संथ, हवं तेवढं हुंगू द्या.

सासूबाईंना अप्पेपात्राचं खातं देऊन टाका. माया करायची ती त्यातूनच करू देत, बिस्किटं नकोत. आणि दोन गोष्टी त्यांना स्पष्ट सांगा: तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली हाडं नाहीत, शिजलेलं हाड फुटून आतडं फाडतं आणि कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. बेदाणे तर एकही नको, त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

घरातली दुखण्याची गोळी, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा, देऊ नका. एवढं करूनही तो तडफडत असेल तर डॉक्टरांना शांत ठेवणाऱ्या औषधाचं विचारा. गरज असताना ते घेणं म्हणजे कमीपणा नाही.

पायाला बँडेज असेल तर रोज दोनदा मधल्या दोन बोटांची नखं बघा. एरवी जवळजवळ असणारी ती फाकलेली दिसली तर सूज आहे. पावसात बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून पायावर चढवा, घरात आल्यावर लगेच काढा. घाण वास, ओलं बँडेज, किंवा टेकत असलेला पाय अचानक उचलून धरणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.