सरनामा पाठ झाला, आता पुढे?

संविधानाचा सरनामा तोंडपाठ आहे म्हणतोस, छान. शाळेच्या परिपाठात म्हणून म्हणून तो आपल्याकडे बहुतेकांना येतोच. स्पर्धा परीक्षेच्या मुख्य परीक्षेला तेवढ्याने भागत नाही.

गाइड बाजूला ठेव, बेअर ॲक्ट (म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय घटनेचा मूळ मजकूर) घे आणि कलम 38 उघड. ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ तिथे पुन्हा भेटेल. मग 14 ते 18, 19, 25. सरनाम्यातला कुठला शब्द कुठल्या कलमात उतरलाय ते पेन्सिलने समासात लिहीत जा.

खटले दोनच, पण नीट कर. 1960 च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरनामा घटनेचा भाग नाही. 1973 ला केशवानंद भारती खटल्यात म्हणालं, आहे. तरी नुसत्या सरनाम्यावर दावा ठोकता येत नाही. कलमाचा अर्थ लावताना त्याचा आधार घेतात. इथे भलेभले घसरतात.

1976 च्या 42व्या दुरुस्तीने ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द आले, पण खालची तारीख 26 नोव्हेंबर 1949 तशीच राहिली. त्यावर बोट ठेवून झालेलं आव्हान न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये फेटाळलं. तो निकाल छोटा आहे, मूळच वाच.

आणि जमलं तर संविधान सभेतली 17 ऑक्टोबर 1949 ची चर्चा. सभेचे सदस्य ह. वि. कामथ यांना सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने हवी होती; मतदान झालं, 41 विरुद्ध 68 ने सूचना पडली. क्लासच्या नोट्सपेक्षा हे कितीतरी रंगतदार आहे.