झोपेची गोळी डॉक्टरनेच दिलेली, मग १८५ कसं लागलं?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलीची ट्रेन लेट झाली, तिला घरी आणून तुम्ही रात्री दीडला झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची १० एमजीची गोळी घेतली, सकाळी सहाला शिफ्टसाठी चिंचवडहून गाडी काढली आणि सिग्नलला उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या बाईकला मागून ठोकलं. त्याचा पाय मोडला. पोलिसांनी फुंकायला लावलं तर मशीनवर झिरो. मग हवालदाराने विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगून टाकलं की रात्री गोळी घेतली होती, म्हणून रक्त घ्यायला सरकारी दवाखान्यात नेलं. एफआयआरमध्ये बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं, आणि १२५ (ब), म्हणजे निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणं, वर मोटार वाहन कायद्याचं १८५. तुम्ही म्हणता, मी दारूला शिवत नाही, गोळी डॉक्टरने लिहून दिलेली, मग दारुड्याचं कलम मला का? आणि मेहुणे म्हणतायत की गाडी मुलगा चालवत होता असं सांगू.

आधी मेहुण्यांचं. हे अजिबात करू नका, घरात बोलू पण नका. आत्ता तुमच्यावर जे आहे ते सगळं जामीनपात्र आहे, पण खोटा ड्रायव्हर उभा केलात की पोलिसांना खोटी माहिती देणं आणि आरोपीला वाचवायला खोटं सांगणं अशी नवी कलमं येतात, २१७ आणि २३८, आणि त्यात पोरगा पण अडकतो. सिग्नलला कॅमेरा असतो, दूधवाल्याने तुम्हाला स्टिअरिंगवर बघितलंय.

आता १८५. सगळे त्याला दारूचं कलम म्हणतात पण त्याचे दोन भाग आहेत. पहिला दारूचा, तिथे आकडा ठरलेला आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर. दुसरा भाग ड्रग्जचा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात एनडीपीएस कायद्यातले (अंमली पदार्थांचा कायदा) सायकोट्रॉपिक, म्हणजे मेंदूवर परिणाम करणारे पदार्थही येतात, आणि झोल्पिडेम त्या यादीत आहे. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी आहे म्हणून गोळी जवळ बाळगणं, घेणं हे सगळं कायदेशीर, पण त्या चिठ्ठीवर गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. मशीनवर झिरो आला याचाही इथे उपयोग नाही, ते मशीन फक्त दारू मोजतं.

पण याच दुसऱ्या भागात तुमचा बचाव पण आहे. ड्रग्जसाठी आपल्याकडे ३० सारखा आकडाच नाही. कायद्याचे शब्द असे आहेत की गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका त्या औषधाचा अंमल असला पाहिजे. नुसतं रक्तात गोळी सापडली एवढ्याने भागत नाही, अंमल किती होता ते सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. म्हणून तुमच्या वकिलांना सांगा, लॅबला पाठवलेलं पत्र आधी बघा. पुष्कळदा पोलीस ठाण्यातून छापील नमुन्यातलं पत्र जातं आणि त्यात फक्त अल्कोहोल तपासा एवढंच असतं, तसं असेल तर सीए रिपोर्टमध्ये (सरकारी लॅबचा रासायनिक तपासणीचा अहवाल) झोल्पिडेमचं नावही येणार नाही. दुसरं म्हणजे रक्त किती वाजता घेतलं. १८५ मध्ये अटक झाली असेल तर दोन तासांत मेडिकल व्हायला पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. तिसरं, मेडिकल ऑफिसरने काय लिहिलंय, चाल कशी होती, बोलणं अडखळत होतं का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा होत्या. हे रकाने कोरे असतील तर अंमल सिद्ध करणं अवघड जातं.

हवालदारासमोर बोललात त्याचं फार टेन्शन घेऊ नका, पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने एमएलसीच्या (पोलीस केसच्या तपासणीच्या) कागदावर ते तुमच्या तोंडची हिस्टरी म्हणून लिहिलं असेल तर मात्र वाद होईल, तुम्ही तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होतात की नव्हता यावर.

तुम्ही लिहिलंय की सिग्नल कधी आला आठवतच नाही, थेट आवाज झाला तेव्हा भानावर आलो. याने केस सुटेल का? बहुतेक नाही दादा. नशेचा बचाव कायद्यात आहे, पण ती वस्तू तुमच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली असेल तरच. तुम्ही गोळी स्वतः घेतली. आणि हे औषध असं करतं हे माहीत असलेलं आहे, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१३ मध्ये सांगितलं होतं की १० एमजी घेतल्यावर आठ तासांनीसुद्धा १५ टक्के बायकांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात गाडी चालवायला धोका होईल इतकं औषध उरतं, म्हणून बायकांचा डोस निम्मा करायला लावला, पुढे २०१९ मध्ये झोपेतच गाडी चालवण्याच्या प्रकारांबद्दल सगळ्यात कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात टाकायला लावला. तिथे आठ तासांचं बोलतायत, तुमचे साडेचारच झाले होते. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये. समोरचा वकील हेच विचारणार, तेव्हा उत्तर आधी तयार पाहिजे.

म्हणून चिठ्ठी लपवू नका, तीच तुमचा आधार आहे. डॉक्टरने सात-आठ तास झोप मिळणार असेल तरच घ्या, सकाळी गाडी नको असं लिहिलं होतं का नाही बघा. लिहिलं असेल तर तुम्हाला जड जाईल, नसेल तर तुम्हाला धोका कळायला मार्ग नव्हता असं म्हणता येईल. मेडिकलवाल्याकडे एच-वन औषधांचं (चिठ्ठीशिवाय न मिळणारी, कडक नोंद ठेवायची औषधं) रजिस्टर असतं, त्यात तुमचं आणि डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं असतं आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं, त्याची नक्कल घेऊन ठेवा. स्ट्रिप टाकू नका. लाल अक्षरात आरएक्स असतं ती, उरलेल्या गोळ्यांसकट.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. कोर्टात कोणीतरी तुम्हाला सांगेल, १८५ ला पहिल्या वेळी दहा हजार दंड आहे, कबूल करा, भरा आणि मोकळे व्हा. सहा महिन्यांची कैदही होऊ शकते हे तो सांगणार नाही, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. दूधवाला भरपाईसाठी क्लेम ट्रिब्युनलमध्ये (अपघाताच्या भरपाईचं कोर्ट) जाणार, जायलाच पाहिजे, बिचाऱ्याचे किती महिने रतीब बुडतील. ती भरपाई तुमच्या इन्शुरन्स कंपनीने द्यायची असते, पण १८५ मधल्या अंमलाखाली गाडी चालवली हा बचावाचा मुद्दा २०१९ च्या दुरुस्तीने कंपनीला स्पष्टपणे मिळालाय, आणि तुम्ही तो स्वतःच्या सहीने कबूल केलात तर कंपनी त्याला पैसे देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. दहा हजारात सुटायला जाल आणि लाखांत अडकाल. तुमच्या गाडीच्या डॅमेजचंही तसंच, पॉलिसीत दारू किंवा ड्रग्जच्या अंमलाचं एक्स्क्लुजन असतं, म्हणजे तसं असेल तर पैसे न देण्याची अट. क्लेम फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, पण वकिलांना दाखवल्याशिवाय कंपनीच्या सर्वेयरला कुठलाही जबाब लिहून देऊ नका. कंपनीला अपघात कळवला नसेल तर आजच मेल टाका.

दूधवाल्याला भेटायला जा असं मी म्हणेन, पण एकटे नको, त्याच्या घरचं कोणीतरी असताना जा, पैशांची बोलणी तिथे करू नका. पुढे तडजोड झालीच तर १२५ (ब) कोर्टाच्या परवानगीने मिटतं, २८१ मिटत नाही, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं.

गाडी पोलीस ठाण्यात धूळ खात पडलीय म्हणालात, आरटीओचं इन्स्पेक्शन झालं की मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (मागतील तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) मिळते, आरसी आणि पॉलिसी बरोबर न्या. फक्त ती घरी आणायला मुलाला पाठवा, त्याच्याकडे लायसन्स आहे ना? तुम्ही गोळी एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो, आधी डॉक्टरकडे जाऊन सकाळच्या शिफ्टचं सांगा आणि ते काय लिहून देतात तो कागद माझ्यासाठी जपून ठेवा.