एका बाजूला चेतापेशी जास्त का?

प्रश्न : बेडकाच्या भ्रूणात न्यूरोजेनिन या चेतापेशी घडवणाऱ्या जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) टोचल्यावर एकाच बाजूला चेतापेशी वाढलेल्या दिसतात. दुसऱ्या बाजूला का टोचत नाहीत? आणि हा परिणाम जनुकाचाच, सुईचा नव्हे, हे कसं ठरवायचं?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : न टोचलेली बाजू हीच तर तुमची तुलना! झेनोपस लेव्हिसचं (प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या आफ्रिकी बेडकाचं) फलित अंडं साधारण दीड तासाने पहिल्यांदा दुभंगतं आणि त्या दोन पेशींपासून बहुधा शरीराची डावी-उजवी बाजू घडते. एकाच पेशीत टोचलं की त्याच भ्रूणाची दुसरी बाजू जशीच्या तशी शेजारी दिसते. वय तेच, तापमान तेच, आई तीच.

निरोगी भ्रूणात वाढीच्या १४-१५ व्या अवस्थेला एन-ट्युब्युलिन (चेतापेशींची खूण असलेलं जनुक) रंगवलं, तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्टे उमटतात : आतला चालक पेशींचा, मधला आंतरचेतापेशींचा, बाहेरचा संवेदी पेशींचा. न्यूरोजेनिन वाढवलं की टोचलेल्या बाजूला पट्ट्यांबाहेरच्या त्वचेतही चेतापेशी उगवतात, पण विखुरलेल्या ठिपक्यांसारख्या. याचं कारण फार सुंदर आहे. न्यूरोजेनिन त्याच पेशीत डेल्टा हे प्रथिन तयार करवतं, डेल्टा शेजारच्या पेशीवरच्या नॉच या ग्राहक प्रथिनाला जागं करतं आणि ती शेजारण चेतापेशी होण्यात मागे राहते. न्यूरोजेनिननंतर कामाला लागणारं न्यूरोडी हे जनुक या अडवणुकीला फारसं जुमानत नाही, म्हणून त्याचे ठिपके दाट पडतात.

आता सुईचा प्रश्न. ५ नॅनोलिटरचा थेंब तेलात सोडून मोजा, व्यास ०.२ मिमीच्या किंचित वर भरायला हवा. एमआरएनएबरोबर बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा (रंग देणाऱ्या, निव्वळ खुणेसाठीच्या विकराचा) एमआरएनए मिसळा, म्हणजे थेंब कुठे पोचला ते निळ्या रंगावरून कळतं. काही भ्रूणांत नुसता हा खुणेचा एमआरएनएच टोचा. तिथेही पट्टे बिघडले, तर दोष टोचण्याचा किंवा मात्रेचा.

टोचताना फिकॉल (दाटपणा आणणारी शर्करा) घातलेलं द्रावण वापरा, नाहीतर जखमेतून पीतक (अंड्यातला पोषक बलक) बाहेर येतं. पण भ्रूणं त्यातच विसरू नका. गॅस्ट्रुलेशनच्या (पेशी आत वळून थर बनण्याच्या) आधी ०.१ पट, म्हणजे दहापट पातळ क्षारद्रावणात हलवा. क्षार जास्त राहिले तर पेशी आत वळत नाहीत आणि मग पट्टे मोजण्यात अर्थ नाही.

जनुक बंद करून पाहणार असाल, तर एक खाचखळगा. लेव्हिस चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) असल्याने बऱ्याच जनुकांच्या एल आणि एस अशा दोन प्रती असतात. मॉर्फोलिनो (एमआरएनएला चिकटून जनुकाचं काम अडवणारा कृत्रिम रेणू) एकाच प्रतीवर बसला, तर दुसरी प्रत काम सांभाळून घेते आणि तुम्हाला वाटतं, जनुकाचा काही संबंधच नाही.