वाचक विचारतात : वाफेचं इंजिन आणि विजेचे रूळ

प्रश्न : बागेतल्या ४५ मिमी गेजच्या (दोन रुळांमधलं अंतर) मार्गावर माझ्या मॉडेल गाड्या रुळांतल्या डीसी विजेवर धावतात. गॅसवर पेटणारं खऱ्या वाफेचं इंजिन घेतलं, पण ते रुळांवर ठेवताक्षणी रुळांना वीज देणारा कंट्रोलर बंद पडतो. इंजिनात दोष आहे का?

इंजिन ठणठणीत आहे. विजेच्या गाड्यांची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून प्लास्टिकने तोडलेली असतात. बहुतेक वाफेच्या इंजिनांत चाक, ॲक्सल, चौकट सगळंच धातूचं. म्हणजे तुम्ही दोन रुळांवर आडवी लोखंडी पट्टीच ठेवली. कंट्रोलर बंद पडला ते बरंच झालं. संरक्षण नसतं तर ठिणग्यांनी चाकांना खड्डे पडले असते.

इंजिन थंड असताना, रुळांवरून उचलून, मल्टिमीटर बझरवर ठेवा (दोन टोकं विजेने जोडलेली असली की तो वाजतो). एक टोक डाव्या चाकाला, दुसरं उजव्या चाकाला. प्रत्येक ॲक्सल तपासा, टेंडरसकट (इंजिनामागचा इंधन-पाण्याचा डबा). मग चाकं हाताने सावकाश फिरवत पुन्हा बघा, कारण ब्रेकची पट्टी किंवा वाकलेला पाइप एखाद्याच जागी टेकतो. बझर वाजला की तिथे इन्सुलेशन नाही.

चाकं बदलताना अनेकांची चूक होते ती इथे. चाक आणि ॲक्सल यांच्यामध्ये प्लास्टिकचं बुश (नळीसारखं अस्तर) घातलं की झालं, असं वाटतं. पण चाक फिरवणारा कनेक्टिंग रॉड चाकावरच्या क्रँकपिनला, म्हणजे बाहेर आलेल्या खुंटीला, जोडलेला असतो. तिथून क्रॉसहेड (रॉड आणि पिस्टन जोडणारा सरकता तुकडा), पिस्टन, सिलिंडर आणि चौकट असा धातूचा सलग रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी. म्हणून इन्सुलेशन क्रँकपिनच्या बाहेर, चाकाची धाव (रुळावर टेकणारी बाहेरची कडी) आणि मधला भाग यांच्यामध्ये हवं. चाकं चौकटीच्या आत आणि क्रँक बाहेर असतील तर मात्र बुश पुरतं. अशी इन्सुलेटेड चाकं आपल्या इंजिनासाठी मिळतात का, हे आधी निर्मात्याला विचारा.

तोवर वाफेच्या वेळी दोन्ही रुळांची वीज तोडणारा डबल पोल स्विच वापरा. एकच वर्तुळ वाफेसाठी राखणार असाल तर सांध्यावर दोन्ही रुळांत प्लास्टिकचे जोड घाला. इंजिनाची पुढची चाकं तो सांधा ओलांडून विजेच्या भागात गेली, तरी शॉर्ट होणारच. त्यामुळे सांध्यापाशी एक पूर्ण इंजिन मावेल एवढा बिनविजेचा तुकडा सोडा.

प्रश्न : वाफेची गाडी फिरवल्यावर विजेचं इंजिन झटके खात चालतं. का?

सिलिंडरला दिलेलं स्टीम ऑइल वाफेबरोबर धुराड्यातून उडतं आणि रुळांवर चिकट थर धरतं. हा थर वीज अडवतो, चढावर चाकंही घसरवतो. बर्नर विझवा, रूळ गार होऊ द्या आणि पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळांचा माथा पुसा. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. अल्कोहोल झटकन पेटतं, तेव्हा जवळ पेटतं इंजिन नको. विजेच्या गाड्यांची चाकं आणि रुळांतून वीज घेणारे पिकअपही पुसा. ते राहिलं तर तेल पुन्हा रुळांवर येतं. सॅंडपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत तेल आणि धूळ अजून घट्ट बसते.

प्रश्न : विजेच्या गाडीत बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल बसवला तर?

दोन्ही प्रकार एकत्र चालवायचा सर्वांत निवांत मार्ग हाच. मग रुळांत वीजच लागत नाही. फक्त विजेच्या इंजिनाचे पिकअप वायरपासून तोडा. ते जोडलेले राहिले तर बॅटरीची वीज रुळांत उतरते आणि समोर उभं असलेलं वाफेचं इंजिन ती शॉर्ट करतं.